सेरामपूरचं पदवीदान: बी.डी.ला (ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या पदवीला) नव्याने येणाऱ्यांसाठी

“पदवीदान श्रीरामपूरला आहे,” असं फोनवर सांगितलं, तेव्हा आई म्हणाली, “मग सकाळच्या एसटीनं जाऊ, दिवे लागायच्या आत घरी.” आम्ही राहुरीचे. श्रीरामपूर म्हणजे आमचा शेजारचा तालुका. पण हे श्रीरामपूर बंगालमधलं, हुगळीच्या काठचं. इंग्रजांच्या तोंडी त्याचं सेरामपूर झालं. नगरहून आझाद हिंद एक्सप्रेसने दीड दिवस, मग हावड्याहून लोकल. तरी आई आली, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून.

हे लिहिते आहे कारण दरवर्षी कोणीतरी म्हणतं, गैरहजर राहिलो तरी पदवी मिळतेच, मग एवढा खर्च कशाला? मीही तसंच ठरवलं होतं.

शिकायचं पुण्यात आणि पदवी बंगालची, हे पहिल्या वर्षी कोणालाच उमगत नाही. विल्यम केरी, मार्शमन आणि वॉर्ड या मिशनऱ्यांनी 1818 मध्ये सेरामपूर कॉलेज काढलं. गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं, 1845 पर्यंत. डेन्मार्कच्या राजाने 1827 साली सनद देऊन कॉलेजला पदव्या देण्याचा अधिकार दिला. पुढे 1918 च्या कायद्याने सिनेटची, म्हणजे पदव्यांचा कारभार पाहणाऱ्या मंडळाची, व्यवस्था बसली. देशभरातली अनेक धर्मशिक्षणाची कॉलेजं आज त्या सिनेटला जोडलेली आहेत.

म्हणून समारंभ दोन होतात. पहिला आपल्या कॉलेजचा. आमचा मार्चमध्ये परीक्षा संपताच झाला. आदल्या संध्याकाळी चॅपलमध्ये पाठवणीची उपासना होती. मिझो मैत्रिणी पुआनचेई हे त्यांचं सणाचं वस्त्र नेसल्या होत्या, नागा मुलांच्या खांद्यांवर त्यांच्या शाली होत्या, मी आजीचं इरकल नेसले होते. बायबलमधला अहरोनाचा आशीर्वाद प्रत्येकाने आपापल्या भाषेत म्हटला. चार वर्षं एका मेसमध्ये जेवलो, ग्रीकच्या धातुरूपांनी एकत्र रडलो, आणि एकमेकांची मातृभाषा इतक्या मोकळेपणी ऐकली ती त्या संध्याकाळी. या उपासनेला घरच्यांना जरूर बोलवा. दुसऱ्या दिवशीच्या भाषणांना नाही आले तरी चालेल.

दुसरा समारंभ विद्यापीठाचा. आमच्या वेळी तो पुढच्या वर्षी झाला. तोवर मी एका मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रुजू झाले होते, त्यामुळे रविवार सांभाळून रजा मागावी लागली. पाळकसाहेबांना तारीख कळताच सांगून ठेवा. ठिकाणही पत्रात नीट वाचा, गृहीत धरू नका. अर्ज भरताना नाव बारावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसंच लिहा. माझ्या अर्जात वडिलांचं नाव राहून गेलं होतं. एका सीनियर ताईने वेळीच पाहिलं, नाहीतर दुरुस्तीच्या फेऱ्या होत्या. आणि पहिल्या वर्षापासून प्रवासासाठी महिन्याला शंभर-दोनशे रुपये बाजूला टाका, दोन माणसांचे.

दोन माणसांचे, कारण एकटं जाऊन तिथे काय करणार? नदीकाठी खांबांची ती भव्य इमारत पाहून आई म्हणाली, “इथे आपलं काय आहे गं?” मग मी तिला सांगितलं. केरींनी मराठीचं व्याकरण 1805 मध्ये याच गावात छापलं, 1810 मध्ये मराठी कोश. कोशातले मराठी शब्द मोडीत होते. वैजनाथ पंडितांनी केरींना मराठी शिकवली. आईचे आजोबा मोडी वाचायचे. ती बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. माझं नाव पुकारल्यावर टाळ्या वाजवायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही. पदर डोळ्यांना लावून बसली होती.

माझी एक मिझो वर्गमैत्रीण सांगायची, तिच्या फीचे पैसे मूठभर तांदळातून आले. प्रत्येक जेवणाच्या वेळी बाया एक मूठ तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात, तो विकून. माझ्या फीचा मोठा वाटा आमच्या महिला मंडळाने आणि चर्चमधल्या हंगामाच्या सणातल्या लिलावाने उचलला. त्यामुळे गावी परतल्यावरच्या पहिल्या रविवारी पदवीचा कागद पिशवीत घालून घेऊन जा. मी गाऊन परत केला होता, फक्त कागद होता. उपासनेनंतर महिला मंडळातल्या सर्वांत थोरल्या आजींनी तो हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि मला परत दिला. म्हणाल्या, “आता वाच. मराठीत वाच, सगळ्यांना ऐकू जाऊ दे.”

मी वेदीपाशी उभी राहून वाचला.