पंचवटी बघायची तर रिक्षा ठरवू नका

नाशिकला उतरलं की 'पंचवटी दर्शन' म्हणून अख्खी रिक्षा ठरवायचा आग्रह होतो. गरज नाही. ही ठिकाणं एकमेकांपासून चालत पाच-दहा मिनिटांवर आहेत आणि बघायला तिकीट नाही.

१. सीबीएसवरून (मध्यवर्ती बसस्थानक) सिटीबसने पंचवटीतल्या निमाणी स्टँडला उतरा. तिथून विचारत विचारत सीतागुंफा. आत वाकून, जवळजवळ रांगत जावं लागतं. गुडघे दुखत असतील तर बाहेरूनच नमस्कार करा.

२. शेजारीच काळाराम मंदिर. १९३० चा मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह इथलाच. नुसतं दर्शन घेऊन पळू नका, काळ्या दगडाच्या भिंतींना बाहेरून एक चक्कर मारा. मात्र भर दुपारी नको, अनवाणी पायांना चटके बसतात. चपलांसाठी कापडी पिशवी जवळ असली की बरं.

३. उतारावरून खाली कपालेश्वर, इथे महादेवासमोर नंदी नाही. पायऱ्या उतरलं की गोदावरीतलं रामकुंड. पलीकडे नारोशंकर मंदिराची प्रसिद्ध घंटा आणि नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती. पुराचं पाणी मारुतीच्या कुठपर्यंत आलं यावरून नाशिककर पूर मोजतात!

बुधवार असेल तर गोदाकाठचा बाजारही बघून घ्या. नाहीतर थेट संध्याकाळच्या गोदा आरतीला थांबा. जेवणाचं म्हणाल तर मिसळ आहेच, स्वस्तात पोट भरतं.

रामकुंडावर पूजा सांगायची असेल तर दक्षिणा आधी ठरवा, संकल्प सोडल्यावर नाही.