जुन्या गाडीचे सुरक्षा रिकॉल: शोध कसा घ्यावा आणि दुरुस्ती कशी करून घ्यावी

गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हाती गेली की तिच्यासाठी कंपनीने पाठवलेली पत्रे बहुधा जुन्याच मालकाच्या दारात जाऊन पडतात. सुरक्षेशी संबंधित एखादा दोष उघडकीस येतो, कंपनी तो मोफत दुरुस्त करून देण्याचे जाहीर करते आणि तशी सूचना टपालाने पाठवते. मात्र ज्याने ती गाडी केव्हाच विकून टाकली आहे तो माणूस ते पाकीट न उघडताच रद्दीत टाकतो. जुन्या गाड्यांच्या बाबतीत हे सर्रास घडते. त्यामुळे ‘मला कोणी काही कळवले नाही, म्हणजे माझ्या गाडीत दोष नसावा’ हा समज धोक्याचा आहे. जुन्या गाडीची चौकशी मालकाने स्वतः करावी लागते आणि पाठपुरावाही त्यालाच करावा लागतो.

आधी रिकॉल म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. गाडीची रचना, वापरलेला माल किंवा कारखान्यातील जोडणी यांत मुळातच राहिलेल्या आणि माणसाच्या जिवाला धोका निर्माण करणाऱ्या दोषासाठी कंपनी स्वखर्चाने करून देत असलेली दुरुस्ती म्हणजे सुरक्षा रिकॉल. ब्रेक पॅड झिजणे, बॅटरी उतरणे, रबरी पट्टे जुने होणे ही वापराने होणारी झीज त्यात येत नाही. वॉरंटी हा तर पूर्ण वेगळा विषय आहे. वॉरंटी संपून दहा वर्षे झाली असली, गाडी कितव्याही मालकाकडे असली आणि तिचे सर्व्हिसिंग आजवर बाहेरच्या गॅरेजमध्ये होत आले असले, तरी रिकॉलच्या हक्काला त्यामुळे बाधा येत नाही.

‘इतकी वर्षे काही झाले नाही, आता काय होणार?’ असे पुष्कळजण म्हणतात. या प्रश्नाचे उत्तर ताकाता कंपनीच्या एअरबॅगच्या प्रकरणात मिळते. एअरबॅग क्षणार्धात फुगवणाऱ्या इन्फ्लेटर नावाच्या धातूच्या डबीत या कंपनीने अमोनियम नायट्रेट हे रसायन वापरले होते, आणि असंख्य इन्फ्लेटरांत ओलावा शोषून घेणारा पदार्थ घातलेलाच नव्हता. दिवसाचे ऊन, रात्रीचा गारवा आणि हवेतली आर्द्रता यांचा परिणाम वर्षानुवर्षे साचत गेला की त्या रसायनाच्या वड्या बिघडतात आणि अपघाताच्या क्षणी हव्या त्यापेक्षा फार वेगाने जळतात. मग डबीच फुटते आणि तिचे धारदार तुकडे चालकाच्या चेहऱ्यावर आणि गळ्यावर येतात. २००१ ते २००३ या काळातील होंडाच्या काही गाड्यांतील इन्फ्लेटर अपघातात फुटण्याची शक्यता ५० टक्क्यांपर्यंत असू शकते, असे अमेरिकेच्या वाहन सुरक्षा यंत्रणेने २०१६ मध्ये जाहीर केले होते. तेव्हा त्या गाड्या तेरा ते पंधरा वर्षांच्या होत्या. हा दोष गाडी नवी असताना सौम्य होता आणि ती जुनी होत गेली तसतसा तो घातक होत गेला. पत्रा गंजणे, इंधनाची नळी तडकणे, वायरीवरचे आवरण ठिसूळ होणे यांच्याशी संबंधित रिकॉलसुद्धा याच जातीचे असतात.

चेसिस नंबर मिळवणे

सारी चौकशी चेसिस नंबरावर, म्हणजे प्रत्येक गाडीच्या स्वतंत्र ओळख क्रमांकावर चालते. केवळ मॉडेल आणि वर्ष सांगून भागत नाही, कारण एकाच मॉडेलच्या, एकाच महिन्यात तयार झालेल्या दोन गाड्यांपैकी एकीत सदोष भाग बसलेला असू शकतो आणि दुसरीत नसू शकतो. हा नंबर नोंदणी प्रमाणपत्रावर आणि विम्याच्या कागदावर असतो. तरीही तो गाडीवरून स्वतः वाचावा. पुष्कळ गाड्यांत तो पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात, बाहेरून दिसेल अशा छोट्या पट्टीवर असतो. काही गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटपट्टी असते, तर काहींत बॉनेटखाली पत्र्यावर अक्षरे ठोकलेली असतात. जुन्या गाडीत तिथे तेलकट धुळीचा थर बसलेला असतो. ओल्या फडक्याने तो पुसून काढावा आणि टॉर्चचा प्रकाश तिरपा धरावा, म्हणजे ठोकलेल्या अक्षरांच्या कडा उठून दिसतात. मग मोबाइलवर फोटो काढून नंबर त्या फोटोवरून उतरवून घ्यावा.

१९८० च्या दशकापासून हा नंबर साधारणपणे १७ अक्षर-अंकांचा असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे कधीच वापरली जात नाहीत, म्हणून गोल चिन्ह दिसले तर ते शून्य आणि उभी रेघ दिसली तर तो एक समजावा. आठ आणि बी, पाच आणि एस, दोन आणि झेड या जोड्यांत मात्र गफलत होते. संकेतस्थळाने ‘नंबर सापडला नाही’ असे सांगितले, तर आधी याच जोड्या पुन्हा तपासाव्यात. गाडी इतकी जुनी असेल की तिचा नंबर १७ पेक्षा कमी अक्षरांचा आहे, तर बहुतेक ऑनलाइन तपासण्या तो स्वीकारत नाहीत, आणि अशा वेळी थेट कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करावा लागतो.

चौकशी कुठे करावी

पहिली चौकशी कंपनीच्या संकेतस्थळावर करावी आणि दुसरी, आपल्या देशात तशी सोय असल्यास, सरकारी वाहन सुरक्षा यंत्रणेच्या संकेतस्थळावर. यासाठी कोणतेही शुल्क नसते. पैसे किंवा बँकेचा तपशील मागणाऱ्या संकेतस्थळापासून दूर राहावे. तिसरी चौकशी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये करावी, आणि जुन्या गाडीसाठी माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची आहे. संकेतस्थळ बहुधा फक्त प्रलंबित रिकॉल दाखवते. काही ठिकाणी ठरावीक वर्षांपूर्वीचे रिकॉल दिसतच नाहीत, आणि नुकत्याच जाहीर झालेल्या रिकॉलमधील सर्व चेसिस नंबर यादीत चढायला वेळ लागतो. सर्व्हिस सेंटरला मात्र कंपनीच्या संगणकावर गाडीचा इतिहास काढून देता येतो. ‘या चेसिस नंबरावर आजवर कोणकोणते रिकॉल निघाले, त्यांपैकी कोणते पूर्ण झाले आणि कोणते बाकी आहेत?’ असा नेमका प्रश्न विचारावा आणि उत्तर ईमेलने किंवा छापील स्वरूपात घ्यावे.

त्याच भेटीत कंपनीच्या नोंदीतील मालकाचे नाव, पत्ता आणि फोन नंबर बदलून घ्यावा. हे काम पाच मिनिटांचे आहे, आणि पुढची सूचना योग्य हाती पडण्यासाठी त्यापेक्षा उपयोगी दुसरे काही नाही. एकदा तपासले म्हणजे कायमचे झाले, असेही समजू नये. जुन्या गाड्यांवर नवे रिकॉल निघत राहतात, म्हणून वर्षातून दोनदा नंबर टाकून पाहावा.

परदेशातून आणलेल्या गाडीची गोष्ट थोडी निराळी आहे. तिच्या रिकॉलची नोंद ज्या बाजारासाठी ती तयार झाली तिथल्या यादीत असते, म्हणून त्या देशातील कंपनीच्या शाखेकडेही विचारणा करावी.

सूचनेचा मजकूर वाचताना

रिकॉल निघाल्याचे कळले की सूचनेतील इशारा शब्दशः वाचावा. ‘गाडी चालवू नये’ असे लिहिले असेल, तर सर्व्हिस सेंटरपर्यंतही ती चालवत नेऊ नये. कंपनीकडे टोइंगची किंवा घरी येऊन दुरुस्ती करण्याची मागणी करावी. ‘गाडी इमारतीपासून दूर, मोकळ्या जागी उभी करावी’ असा इशारा आगीच्या धोक्यासाठी असतो. काही दोषांत विजेचा भाग इंजिन बंद असतानाही पेट घेऊ शकतो, म्हणून इमारतीखालच्या पार्किंगमधून गाडी त्याच दिवशी हलवावी. असा कोणताही इशारा नसला, तरी दुरुस्ती पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत लांबवू नये.

वेळ ठरवणे आणि गाडी सोपवणे

फोन करताना रिकॉलचा क्रमांक आणि चेसिस नंबर दोन्ही सांगावेत आणि लागणारा भाग सेंटरमध्ये प्रत्यक्ष आला आहे का, हे विचारावे. जुन्या गाडीचे भाग बहुधा मागवावे लागतात. नुसती वेळ घेऊन गेलेला माणूस दिवसभर ताटकळून रिकाम्या हाताने परततो. भाग उपलब्ध नसेल तर आपली मागणी नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा आणि तोपर्यंत दुसरी गाडी किंवा प्रवासखर्च मिळेल का, याची कंपनीकडे विचारणा करावी. ही सोय सर्वांना मिळत नाही. पण गाडी चालवू नये असा इशारा असताना ती मागण्यात संकोच करण्याचे कारण नाही.

गाडी सोपवताना जॉब कार्ड, म्हणजे करायच्या कामांची नोंद असलेला सेंटरचा कागद, काळजीपूर्वक वाचावे. रिकॉलचे काम त्यावर क्रमांकासह वेगळ्या ओळीत आणि शून्य रकमेसह लिहिलेले असावे. जुनी गाडी दिसली की सेंटरमध्ये इतर दहा कामे सुचवली जातात. त्यांतली काही खरोखर गरजेची असतीलही, परंतु ती करून घेण्याची अट रिकॉलच्या दुरुस्तीला घालता येत नाही. ‘आज फक्त रिकॉलचे काम करावे; बाकीचे लेखी कळवावे, मी विचार करून सांगेन’ एवढे नम्रपणे सांगितले की पुरते. याला एक प्रामाणिक अपवाद आहे. ज्या जागी नवा भाग बसवायचा तो पत्राच गंजून गेला असेल, किंवा मूळ रचना आधीच्या मालकाने बदललेली असेल, तर काम करता येत नाही असे सेंटर सांगू शकते. तेव्हा कारण लेखी घ्यावे, त्या जागेचे फोटो काढून घ्यावेत आणि त्या कागदासह कंपनीकडे दाद मागावी, कारण अनेकदा गंज हाच त्या रिकॉलचा विषय असतो.

ज्या गाडीला पूर्वी मोठा अपघात झाला आहे, तिच्याबाबत आणखी सावध राहावे लागते. चेसिस नंबराच्या तपासणीत कारखान्यात बसवलेल्या भागांचाच हिशेब असतो. अपघातानंतर कोणी भंगारातल्या गाडीची एअरबॅग काढून बसवली असेल, तर त्या नंबरावर ‘रिकॉल नाही’ असे उत्तर येते आणि स्टिअरिंगमध्ये मात्र दुसऱ्याच गाडीचा सदोष इन्फ्लेटर असू शकतो. गाडीचा इतिहास ठाऊक नसल्यास प्रशिक्षित तंत्रज्ञाकडून एअरबॅगवरचा भाग क्रमांक तपासून घ्यावा. हे काम घरी किंवा कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडून कधीही करून घेऊ नये. एअरबॅगमध्ये स्फोटक रसायन असते आणि ती हाताळताना उघडली तर माणूस गंभीर जखमी होतो.

नकार मिळाल्यास

‘गाडी फार जुनी आहे’ हे उत्तर मिळाले, तर त्यातील तथ्य तपासावे. वयाची कायदेशीर मर्यादा अनेक ठिकाणी असते. उदाहरणार्थ, अमेरिकेत मोफत दुरुस्तीचे बंधन पूर्वी गाडीच्या पहिल्या विक्रीपासून दहा वर्षांपर्यंत होते आणि २०१५ च्या कायद्याने ते पंधरा वर्षांपर्यंत वाढवले. मात्र तिथे ही वर्षे रिकॉलची सूचना निघेपर्यंतची मोजली जातात, मालक दुरुस्तीला आला त्या दिवसापर्यंतची नव्हे. गंभीर दोषांत तर कंपन्या मर्यादा ओलांडलेल्या गाड्याही मोफत दुरुस्त करून देतात. म्हणून काउंटरवरचा तोंडी नकार अंतिम मानू नये. आधी सेंटरच्या व्यवस्थापकाला भेटावे, मग त्याच कंपनीचे दुसरे अधिकृत सेंटर गाठावे, त्यानंतर कंपनीच्या ग्राहक सेवेकडे लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्यावा आणि तरीही दाद लागली नाही तर सरकारी वाहन सुरक्षा यंत्रणेकडे किंवा ग्राहक तक्रार मंचाकडे जावे. प्रत्येक टप्प्यावर तारीख, बोललेल्या व्यक्तीचे नाव आणि मिळालेले उत्तर वहीत लिहून ठेवावे. जिथून गाडी घेतली ते सेंटर बंद पडले असेल, तरी जबाबदारी गाडी बनवणाऱ्या कंपनीचीच राहते.

रिकॉल जाहीर होण्यापूर्वी आपण तोच दोष स्वतःच्या पैशाने दुरुस्त करून घेतला असेल, तर जुनी बिले शोधून काढावीत. ठरावीक मुदतीत अर्ज केल्यास तो खर्च परत देण्याची तरतूद पुष्कळ रिकॉलमध्ये असते आणि तिचा उल्लेख सूचनेच्या शेवटी बारीक अक्षरांत केलेला असतो.

दुरुस्ती झाल्यावर

गाडी परत घेताना रिकॉलचा क्रमांक, बदललेल्या भागाचे नाव, तारीख आणि किलोमीटरचा आकडा असलेली पावती घ्यावी. काम ‘बदलणे’ होते की ‘तपासून गरज भासल्यास बदलणे’ होते, हे विचारावे, कारण दुसऱ्या प्रकारात भाग मुळीच बदलला गेला नसण्याची शक्यता असते. दोन-तीन आठवड्यांनी चेसिस नंबर पुन्हा टाकून पाहावा आणि रिकॉल अजूनही प्रलंबित दिसत असेल, तर जॉब कार्डचा क्रमांक देऊन नोंद दुरुस्त करून घ्यावी. काही वेळा कंपनीकडे कायमचा उपाय तयार नसतो आणि ती तात्पुरता भाग बसवून देते. ताकाताच्या काही गाड्यांत जुन्या इन्फ्लेटरच्या जागी त्याच प्रकारचा नवा इन्फ्लेटर बसवला गेला आणि पुढे त्या गाड्यांना पुन्हा बोलवावे लागले. म्हणून बसवलेला भाग कायमचा आहे की तात्पुरता, हे पावतीवर लिहून मागावे, आणि तो तात्पुरता असेल तर पुढची चौकशी कधी करायची ती तारीख तिथेच विचारून घ्यावी.