बाँड विनोदाकडे कधी वळला? पाच रविवारांत दाखवायची रीत

जेम्स बाँडची मालिका थरारापासून विनोदाकडे कशी सरकत गेली, हे नुसतं सांगून पटत नाही, सिनेमे ओळीने बघावे लागतात. लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरात पंधरा-वीस जणांचं फिल्म मंडळ असेल तर पाच रविवार पुरतात. सगळे सिनेमे लावायच्या फंदात पडू नका, माणसं गळतात. 'फ्रॉम रशिया विथ लव्ह' (1963), 'द मॅन विथ द गोल्डन गन' (1974), 'द स्पाय हू लव्हड मी' (1977), 'मूनरेकर' (1979) आणि 'ऑक्टोपसी' (1983) एवढे लावा. प्रत्येक सिनेमा साधारण दोन तासांचा आहे, वर अर्धा तास चर्चेला ठेवा.

प्रत्येकाच्या हातात दोन रकान्यांचा कागद द्या: 'जीव टांगणीला लागला' आणि 'हसू आलं'. हसू आलं की पुढे एवढंच लिहायचं, संकट टळल्यावर आलं की संकट चालू असताना? सगळा फरक इथे आहे. विनोद 1963 मध्येही होता, पण तो संकट संपल्यावर यायचा.

पहिल्या रविवारी आगगाडीतली मारामारी नीट ऐकायला सांगा. डबा अरुंद, पार्श्वसंगीत नाही, फक्त धापा आणि आदळआपट. बाँडला वाचवणारी ब्रीफकेस आधीच दाखवलेली असते, त्यामुळे सुटका फुकटची वाटत नाही.

दुसऱ्या रविवारचा प्रयोग चुकवू नका. उत्तरार्धात मोटार मोडक्या पुलावरून उडते, हवेत पूर्ण गिरकी घेते आणि पलीकडे चाकांवर उतरते. ही उडी आधी संगणकावर गणित करून खरोखर मारलेली आहे, तीही एका टेकमध्ये. तुकडा आधी आवाज बंद करून दाखवा, मग आवाजासह. गिरकीवर शिट्टीचा घसरता सूर टाकलाय. बिनआवाजी पाहताना श्वास रोखलेली माणसंच आता हसतील. जीव धोक्यात घालून केलेलं काम एका सुराने वाया घालवलं, याचं खरंच वाईट वाटतं.

तिसरा आणि चौथा सिनेमा सलग आठवड्यांत हवेत, मध्ये खंड नको. पोलादी दातांचा मारेकरी जॉज 1977 मध्ये अंगावर काटा आणतो. 1979 मध्ये तो विमानातून सर्कशीच्या तंबूवर पडूनही धडधाकट राहतो आणि पुढे प्रेमात पडतो. व्हेनिसमध्ये तर बाँडची होडी चौकात चढते आणि कबुतर दोनदा वळून बघतं. इथे दोष फक्त दिग्दर्शकाच्या माथी मारू नका. 1977 च्या सिनेमाअखेर पुढचा म्हणून 'फॉर युअर आइज ओन्ली' जाहीर झाला होता. 'स्टार वॉर्स' हा अंतराळपट गाजल्यावर त्याऐवजी अंतराळात जाणारा 'मूनरेकर' पुढे आणला गेला, आणि तो चाललाही.

'ऑक्टोपसी'त उदयपूर आणि रिक्षांचा पाठलाग दिसला की चर्चा भारताच्या चित्रणाकडे वळते. तो विषय महत्त्वाचा आहे, त्याला वेगळी दहा मिनिटं द्या. मग शेवटाकडचा सर्कशीचा प्रसंग चर्चेला घ्या. बाँड विदूषकाच्या रंगात आहे, अणुबॉम्बची वेळ संपत आलीय आणि त्याचं कुणी ऐकत नाही. वेश हास्यास्पद असूनही पहिला रकाना भरतो, कारण धोका खरा राहतो.

आता सोयीचं. घरच्या ओटीटी खात्यावरून किंवा विकतच्या डिस्कवरून सभागृहात सिनेमा दाखवता येत नाही, हक्कधारकाची लेखी परवानगी पोस्टर छापण्याआधी घ्या. मराठी सबटायटल स्वतः केलीत तर फाइल सेव्ह करताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-8 निवडा, नाहीतर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा भलतीच चिन्हं येतात. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी साडेसातच्या आधी सुरू करू नका: पत्र्याचा हॉल तापलेला असतो आणि खिडक्यांतल्या उजेडाने पडदा फिका पडतो. दिव्याच्या प्रोजेक्टरला यूपीएस हवाच. लाईट गेली की त्याच्या आतला पंखा थांबतो, दिवा मात्र तापलेलाच राहतो आणि लवकर उडतो. यूपीएसवर सिनेमा पुढे रेटू नका. प्रोजेक्टर रीतसर बंद करा, पंखा थांबेपर्यंत प्लग काढू नका, आणि लाईट आली तरी दहा मिनिटं थांबून मगच चालू करा.