पावसाळ्यातील बाळंतपण : सातपुड्याच्या दुर्गम पाड्यावर तयारी कशी करावी

नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत गाव म्हणजे एका जागी वसलेली वस्ती नसते. ज्याचे शेत त्याच्या कडेला त्याचे घर, अशी विखुरलेली घरे मिळून पाडा होतो आणि डोंगरांच्या सोंडांवर पसरलेले असे अनेक पाडे मिळून महसुली गाव होते. इथे अंतर किलोमीटरमध्ये विचारून उपयोग नाही; पायवाटेने किती वेळ लागतो आणि मध्ये किती नाले लागतात, हे विचारावे. जून ते सप्टेंबर या काळात हेच नाले वाट अडवतात, घाटात दरड येते, आणि नर्मदेच्या जलाशयाकाठच्या मणिबेली, चिमलखेडी यांसारख्या गावांना वारा उठला की बोटही सोडता येत नाही. म्हणून या भागात पावसाळ्यात होणाऱ्या बाळंतपणाची तयारी कळा सुरू झाल्यावर करायची नसते, ती उन्हाळ्यातच पुरी करावी लागते. पुढील सूचना आशाताई, पाडा स्वयंसेवक, शिक्षक आणि पाड्यावरील कर्त्या मंडळींसाठी आहेत.

पहिले काम यादीचे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की बाळंतपणाची अंदाजे तारीख निघते. पाड्यावर तारीख क्वचितच सांगितली जाते, पण सण, बाजाराचा दिवस आणि शेतीची कामे नेमकी लक्षात असतात. त्यावरून हिशेब बांधावा. दिवाळीच्या सुमारास पाळी आली आणि पुढची चुकली, तर बाळंतपण ऑगस्टच्या आसपास येते, म्हणजे ऐन पावसात. अडचण अशी की याच महिन्यांत अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेली असतात, त्यामुळे गरोदरपणाचे पहिले महिने कोणत्याही नोंदीविना जातात. होळीला किंवा त्यानंतर कुटुंब परतले की त्याच आठवड्यात घरी जाऊन विचारपूस करावी, तिकडे तपासणी झाली असल्यास तिथले कार्ड मागून पाहावे आणि उपकेंद्रातील सिस्टरकडून नाव नोंदवून घ्यावे.

यादी झाली की ती दोन भागांत विभागावी. जिचे आधीचे बाळंतपण सिझेरियन झाले आहे, जिला जुळे आहे, जिची उंची 145 सेंटिमीटरपेक्षा कमी आहे, जिचा रक्तदाब 140/90 किंवा त्याहून अधिक आहे, जिचे हिमोग्लोबिन 7 च्या खाली गेले आहे किंवा जिला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, तिच्यासाठी जवळचे आरोग्य केंद्र पुरेसे नाही. भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेलचे प्रमाण बरेच असल्याने ती तपासणी चुकवू नये. अशा बाईचे बाळंतपण कोणत्या रुग्णालयात व्हावे, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून मे महिन्यातच कार्डावर लिहून घ्यावे. रक्ताची सोय असलेले ठिकाण घाटाखाली असते, आणि धडगावहून शहाद्याकडे किंवा मोलगीहून देवगोई घाटाने अक्कलकुव्याकडे उतरणारा रस्ता भर पावसात वेळेवर मोकळा मिळेल, याची हमी कोणीही देऊ शकत नाही.

उरलेल्या बायकांसाठी माहेरघर ही सोय खऱ्या अर्थाने उपयोगी आहे. आदिवासी भागातील निवडक प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात असलेल्या या खोल्यांत गरोदर बाई तारखेच्या काही दिवस आधी येऊन राहू शकते, सोबत लहान मूल आणि एक नातेवाईक ठेवता येतो. तरीही खोल्या रिकाम्या राहतात, आणि त्याचे खापर अज्ञानावर फोडले जाते, ते मला पटत नाही. पेरणी-निंदणीचे दिवस असतात, घरी दोन-तीन मुले असतात, बकऱ्या सोडायला माणूस नसतो आणि नवरा मजुरीला गेलेला असतो. अशा वेळी घर सोडून बसणे म्हणजे काय, हे त्या बाईला आपल्यापेक्षा चांगले कळते. म्हणून तिला दवाखान्याचे फायदे पुन्हा पुन्हा ऐकवण्याऐवजी घरचा प्रश्न सोडवावा. मुले कोणाकडे राहतील, बकऱ्या कोण चारेल, कोणाच्या शेतात कोण निंदेल, हे सासू, जाऊ आणि शेजारणींना एकत्र बसवून नावानिशी ठरवावे. दाईलाही या बैठकीत मान देऊन बोलवावे. तिने सोबत यायचे कबूल केले की निम्मे काम झालेच. घरात ठरवणारा माणूस पुजाऱ्याचा सल्ला घेणार असेल, तर त्यालाही आधीच विश्वासात घ्यावे.

एवढे करूनही कळा घरीच सुरू होऊ शकतात, म्हणून वाहून नेण्याची तयारी हवी. जाड, पक्का वाळलेला बांबू घ्यावा; ओला, नुकता तोडलेला किंवा कीड लागलेला नको. त्याला बांधलेल्या चादरीच्या झोळीत बाई दुमडली जाते आणि तिला श्वास घेणे जड जाते; वाट रुंद असेल तर बाज दोराने बांबूला टांगून तिला डाव्या कुशीवर झोपवणे चांगले. चढावर डोके पुढे आणि उतारावर पाय पुढे ठेवावेत, म्हणजे डोके सतत उंच राहते. खांदेकरी किमान आठ असावेत, कारण दर थोड्या वेळाने खांदा बदलावा लागतो. त्यांची नावे आधी ठरवून एकदा रिकामी बाज घेऊन वाट चालून पाहावी. निसरडी जागा कुठे, नाल्याला उतार कुठे, हे तेव्हाच कळते. ताडपत्री, विजेरी, कोरडे कपडे आणि कार्ड एका पिशवीत भरून दाराशी टांगून ठेवावे.

फोनला रेंज कोणत्या टेकडीवर येते, हे पाड्यावर सर्वांना ठाऊक असते. तिथे धावत जाणाऱ्या मुलाला रुग्णवाहिकेचे 108 आणि 102 हे दोन्ही क्रमांक पाठ असावेत. दोन्ही सेवा मोफत आहेत. गाडी जिथवर येऊ शकते ती जागा चालकाला ओळखता येईल अशा खुणेने सांगावी, आणि गाडी निघाल्याचे कळेपर्यंत मुलाने टेकडीवरून उतरू नये. स्थानिक तूफान जीपवाल्याचा क्रमांकही हाताशी असू द्यावा.

रक्तस्राव, झटके, डोळ्यांपुढे अंधारी येऊन तीव्र डोकेदुखी, अंगावर सूज, ताप, पाणी जाणे किंवा बाळाची हालचाल कमी होणे, यांपैकी काहीही दिसले तर कळांची वाट न पाहता निघावे. मात्र पूर आलेल्या नाल्यात उतरू नये. डोंगरी नाला पाऊस थांबल्यावर बहुधा काही तासांत ओसरतो. तोवर काठावर आडोसा करून थांबावे आणि आरोग्य केंद्राशी फोनवर बोलत राहावे.

बाळंतपण वाटेतच झाले तर बाज खाली ठेवावी. पोट दाबू नये, बाळ किंवा नाळ ओढू नये. बाळाला लगेच कोरडे पुसून आईच्या छातीशी उघड्या अंगाने लावावे, वरून दोघांना पांघरूण घालावे आणि दूध पाजायला सुरुवात करावी. दवाखाना गाठता येणार असेल तर नाळ कापण्याची घाई नको. कापावीच लागली तर नवे पाते आणि स्वच्छ दोरा वापरावा. नाळेवर राख, तेल, हळद काहीही लावू नये.

कागदांचे काम शेवटी राहते आणि तिथेच पैसे अडकतात. जननी सुरक्षा योजनेचे ग्रामीण भागातील 700 रुपये बाईच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा होतात, पण खाते माहेरच्या नावाने आणि आधार सासरच्या नावाने, असा घोळ वारंवार होतो. तो उन्हाळ्यातच निस्तरावा. घरी झालेल्या जन्माचीही नोंद 21 दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करावी. वाट बंद असेल तर आशाताईने तारीख, वेळ आणि आईवडिलांची नावे वहीत उतरवून ठेवावीत आणि वाट मोकळी होताच ती ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) द्यावीत.