कृष्णाकाठी गळ टाकायचाय? आधी काठी घ्या, रील नंतर

पाऊस लागला की सगळी सांगली आयर्विन पुलापाशी जाऊन पाणी किती फुटांवर गेलं ते बघते. पाणी उतरलं की नदीकडे कुणी फिरकत नाही. उरतात ते गळवाले. उन्हाळ्यात पहाटे सहाला कुठल्याही बंधाऱ्याजवळ जा, दोन-चार जण अंतर राखून बसलेले दिसतील. कुणी रिक्षावाला, कुणी बँकेतून निवृत्त झालेला, कुणी कॉलेज बुडवून आलेला. एकमेकांशी बोलत नाहीत. बोलले तरी "लागला का?" आणि "न्हाई अजून" एवढंच.

यांच्यातले निम्मे तरी रिकाम्या पिशवीनं घरी जातात आणि पुढच्या रविवारी पुन्हा येतात. मासे खायचे असतील तर बाजारात कटला मिळतोच, तोही साफ करून. यांना हवा असतो तो क्षण वेगळाच. दोऱ्याला बांधलेला, पाण्यावर स्थिर उभा असलेला तरंगा एकदा किंचित थरथरतो. वारा असेल म्हणून तुम्ही सोडून देता. मग तो पुन्हा हलतो, जरा आडवा सरकतो, आणि गडप होतो. तेवढ्या दोन सेकंदांत हप्ता, बॉस, लाईटबिल यातलं काही डोक्यात नसतं. दोन तास त्या दोन सेकंदांची वाट बघायची, आणि ते बघणंच मजेचं असतं.

माझ्या मेव्हण्यानं हे उलट्या बाजूनं सुरू केलं. आधी ऑनलाईन महागडा रॉड मागवला, रील मागवलं, रंगीत लुअरची, म्हणजे नकली आमिषांची, डबी मागवली. पहिल्याच दिवशी दिग्रजच्या बंधाऱ्यावर रॉड मागं नेऊन जोरात फेकला तो थेट बाभळीत. ओढाओढीत रॉडचं टोक मोडलं. त्याच दुपारी शेजारच्या पोरानं बांबूच्या काठीवर सात चिलापी काढल्या. म्हणून माझं म्हणणं: पहिले तीन महिने काठी.

पाणी कुठलं

सामानाआधी जागा ठरवा. कृष्णेवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा संपला की त्यांना बरगे, म्हणजे अडवायच्या फळ्या, घालतात आणि पाणी अडतं. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला, पाणी पडून खळाळतं तिथं हवा मिसळते, खाणं वाहून येतं आणि मासे जमतात. खळाळत्या पाण्यात गळ टाकू नका. त्याच्या कडेला पाणी जिथं संथ फिरतं, तिथं टाका. हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते, तशा संगमाच्या जागीही दोन पाण्यांच्या शिवेवर मासा असतो. शेततळं किंवा पाझर तलाव नवख्यासाठी सगळ्यांत सोपा, पण मालकाला विचारून.

धोम, कण्हेर, उरमोडीसारख्या धरणांच्या पाण्यात मासेमारीचा ठेका बहुधा स्थानिक मच्छीमार संस्थेकडे असतो. त्यांनी माशांचं बीज सोडलेलं असतं, त्यावर त्यांची घरं चालतात. काठावर भोई मंडळी दिसली की आधी जाऊन विचारा. बहुतेक वेळा एका काठीला कुणी ना म्हणत नाही, उलट मासा कुठं लागतोय तेही सांगतात. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान हे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचे भाग आहेत. तिथं गळ टाकायचा नाही, विषय संपला. देवळाच्या घाटावरही मी टाकत नाही. तिथले मासे लोकांच्या हातचे चुरमुरे खाऊन माणसाळलेले असतात. त्यांना पकडण्यात कसली आलीय हुशारी!

आधी सुसरीचं बोलू

सांगलीत हा मजकूर वगळून गळावर लिहिणं म्हणजे फसवणूक. भिलवडी, औदुंबर, दिग्रज, हरिपूर या सगळ्या पट्ट्यात मगरी आहेत. लोक सुसर म्हणतात, पण ही मगरच. हिवाळ्यात मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या जमिनीच्या, कडेला ऊन खात पडलेली दिसते. फेब्रुवारी ते एप्रिल ती काठाच्या मातीत अंडी घालते, नंतर पिल्लं बाहेर येईपर्यंत जागा राखते. या दिवसांत तिच्या जवळपास फिरकू नका.

पाण्याला पाय लावून बसायचं नाही, दहा-पंधरा फूट मागं आणि शक्यतो उंचावर बसायचं. पकडलेले मासे पिशवीत घालून पाण्यात बुडवून ठेवायची सवय अनेकांना असते. ती मगरीला आवतण. बादली वापरा. गळ तळाला अडकला तर दोरा तोडा, पाण्यात उतरू नका. पाच रुपयांच्या गळासाठी पाण्यात उतरलेली माणसं मी पाहिलीत. दिवस मावळायच्या आत उठायचं. आणि बंधाऱ्याखाली बसला असाल तर वरून पाणी सोडतात तेव्हा ते सांगून येत नाही. दगड ओले व्हायला लागले की सामान उचला.

सामान

दहा-बारा फुटांची बांबूची काठी, शेंड्याला बोटाएवढी बारीक आणि लवचीक. हिरवी असेल तर आठवडाभर सावलीत वाळवा. दोऱ्याला आपल्याकडं तंगूस म्हणतात. पाव मिलिमीटर जाडीचा चिलापी आणि छोट्या मृगळला पुरतो. मोठा रोहू-कटला अपेक्षित असेल तर पॉइंट पस्तीस घ्या. दोरा काठीएवढाच लांब ठेवा. गळाच्या आकड्यांची गंमत अशी की आकडा जितका मोठा तितका गळ लहान. दहा-बारा नंबरचा चिलापीला, सहा किंवा चारचा त्याहून मोठ्याला. दोन-चार शिशाच्या गोळ्या. तरंगा म्हणून दुकानातला फ्लोट चालतो, मोरपिसाचा दांडा चालतो आणि ज्वारीच्या वाळल्या ताटाचा बोटभर तुकडाही चालतो. हे सगळं दोन-तीनशे रुपयांत होतं. बरोबर कात्री, ओलं फडकं आणि लांब नाकाची पक्कड. पक्कड विसरलात की त्याच दिवशी मासा गळ गिळतो, हा माझा अनुभव.

नवख्यांचे मासे सुटतात ते बहुतेक गाठीमुळे. साधी निरगाठ तंगूसावर टिकत नाही, ओल्यात घसरते. असं करा: तंगूस गळाच्या नाकातून ओवा आणि वीतभर शेपूट बाहेर घ्या. ते शेपूट मूळ दोऱ्याभोवती पाच-सहा वेळा गुंडाळा. गळाच्या नाकाला लागून एक बारीक फासा राहिलेला दिसेल, त्यातून शेपूट काढा. त्यामुळं एक मोठा फासा तयार होतो, त्यातूनही शेपूट परत ओवा. आता थांबा. गाठीला थुंकी लावा, मग सावकाश ओढा. वेटोळी एकाशेजारी एक बसली पाहिजेत, एकावर एक चढली तर कापून पुन्हा. कोरडी गाठ ओढली की घासून दोरा तापतो आणि तिथंच कमजोर होतो. पहिल्यांदा मला हे कुणी सांगितलं नव्हतं. किलोभराचा मृगळ काठापर्यंत आणून गमावला, हातात राहिलं ते कुरळं झालेलं दोऱ्याचं टोक.

तरंग्याखाली शिसं इतकंच लावा की तरंगा जेमतेम बोटाच्या पेराएवढा वर राहील. पूर्ण वर तरंगत असेल तर माशाला ओढताना जड लागतो आणि तो आमिष टाकून देतो. खोली किती ठेवायची हे माशावर. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. म्हणून आधी गळ तळाला टेकवून खोली मापा, मग तरंगा वर-खाली सरकवा.

आमिष

गांडूळ सर्वांना चालतं. शेणाच्या उकिरड्याच्या कडेला ओल असते तिथं खणा. गळावर दोन-तीनदा टोचा, शेपूट थोडं वळवळतं ठेवा. शाकाहारी माणसाला कणीक आहेच. माझी रीत: दोन मुठी कणीक, एक मूठ शेंगपेंड कुटून, सुपारीएवढा गूळ, थोडी बडीशेप भाजून. पाणी बेतानं. मळताना कापसाचे चार तंतू पिंजून घाला, म्हणजे गोळा पाण्यात लगेच विरघळत नाही. हरभऱ्याएवढी गोळी करायची आणि गळाचं टोक झाकायचं. बसायच्या अर्धा तास आधी त्याच पिठाचे लिंबाएवढे दोन गोळे जागेवर टाकून ठेवा. भडंग स्वतःसाठी राखून ठेवा, दहा वाजता लागतं.

मरळीला मात्र कणकेचा गंधही नको. ती गवतात-पाणवनस्पतीत दबा धरते, बेडूक आणि लहान मासे खाते, अधूनमधून वर येऊन हवा घेते. पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका एकत्र हलताना दिसला तर खाली आई-बाप राखणीला असतात. अशा वेळी मरळ हमखास हल्ला करते आणि म्हणूनच तेव्हा तिला पकडू नये. ती गेली तर तो अख्खा पुंजका दुसऱ्यांच्या पोटात.

बसणं आणि ओढणं

सूर्य उगवतानाची वेळ धरा. ऐन थंडीत मासा मंद असतो, फेब्रुवारीनंतर खायला लागतो. सावली पाण्यावर पडणार नाही असं बसा. काठावर पाय आपटू नका. बोललेलं माशाला फारसं कळत नाही, पण जमिनीचा हादरा लगेच कळतो.

तरंगा थरथरला की ओढायचं नाही. चिलापी टोचून बघते. आडवा सरकला किंवा खाली गेला की मनगटानं छोटा झटका द्या. खांद्यानं दिलात तर गळ तोंड फाडून बाहेर येतो. मोठा असेल तर काठी उभी धरा, वाक काठीला येऊ द्या आणि त्याला दमू द्या. शिंगाडा मासा लागला तर सावकाश. त्याच्या पाठीवर आणि दोन्ही कल्ल्यांमागं काटे असतात, टोचले तर हात संध्याकाळपर्यंत ठणकतो. फडक्यानं, काट्यांच्या मागून धरा. लहान मासा आणि अंड्यांनी पोट फुगलेली मादी ओल्या हातानं सोडून द्या. कोरड्या हातानं त्यांच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो.

जून-जुलैत पहिल्या पाण्याला मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट चढतात. हे चढणीचे मासे ओढ्यात हातानं, टोपलीनं धरायची गावोगावी रीत आहे. चवीला ते भारी असतात हे मी नाकारत नाही. पण मी ते दोन महिने काठी माळ्यावर ठेवतो. जिलेटिनचा स्फोट करून किंवा विष टाकून मासे मारणं तर १८९७ च्या मासेमारी कायद्यापासून गुन्हा आहे, आणि तरीही स्फोटांचे आवाज ऐकू येतात. मासे पांढरं पोट वर करून तरंगताना दिसले तर ते घरी नेऊ नका.

काठीवर हात बसला की मग सात फुटी स्पिनिंग रॉड आणि मध्यम रील घ्या. रीलचा ड्रॅग, म्हणजे दोऱ्याला ताण देणारा ब्रेक, घट्ट आवळू नका. हातानं दोरा ओढला तर तुटायच्या खूप आधी तो सरकला पाहिजे. फेकण्याआधी मागं बाभूळ आहे का ते बघा.

उठताना तंगूसाचे तुकडे गोळा करून खिशात घाला, बगळ्यांच्या पायात अडकतात. गळ मात्र खिशात नको. बुचाच्या तुकड्यात टोचून डबीत ठेवा. मी एकदा विसरलो होतो. शर्ट धुवायला गेला, आणि बायकोच्या पैठणीतून तो गळ काढायला मला पक्कड, कात्री आणि दोन दिवस लागले.