१० टक्के अल्कोहोलच्या वरची बियर ड्राय यीस्टवर करताय? या चुका टाळा

घरी पहिल्यांदा बार्लीवाइन किंवा इम्पिरियल स्टाउट अशी खूप स्ट्राँग बियर करणाऱ्याचा तिसऱ्या आठवड्यात जो मेसेज येतो तो मला आता पाठ झालाय. "अरे अडकलंय रे, अजून एक पाकीट टाकू का?" (अडकलंय म्हणजे साखर शिल्लक असतानाच यीस्टने काम थांबवलंय.) नको टाकूस. बहुतेक वेळा काही अडकलेलं नसतं, आणि खरंच अडकलं असेल तर त्याचं कारण पहिल्या तीन दिवसांत घडून गेलेलं असतं, तिसऱ्या आठवड्यात पाकीट टाकणं म्हणजे वरातीमागून घोडं.

सुरुवातीलाच सांगतो, मी हे अमेरिकेत बसून लिहितोय. इथे १९७८ साली जिमी कार्टरनी सही केलेल्या कायद्यामुळे घरच्यापुरती बियर करता येते, एकट्या प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २००, विकायची मात्र नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू बनवणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा तिकडच्यांनी हे फक्त वाचावं.

रिफ्रॅक्टोमीटरवर विश्वास ठेवून घाबरणं

ही चूक मी इतक्यांदा बघितलीय की तिच्यावर जरा जास्तच बोलणार आहे.

आमच्या मंडळातला एक मित्र, डोक्याने हुशार, सगळी मोजमापं वहीत लिहिणारा. त्याने १९ लिटर इम्पिरियल स्टाउट लावला, सुरुवातीचं रीडिंग २५ ब्रिक्स (साखरेचं प्रमाण), म्हणजे ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, साखर संपते तशी ती उतरते) १.१०६ च्या आसपास. यीस्ट व्यवस्थित घातलं, तापमान सांभाळलं, सगळं चोख. तीन आठवड्यांनी रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर दोन थेंब टाकले तर १३.५ ब्रिक्स. तक्त्यात बघितलं तर १.०५५. म्हणजे निम्मंच काम झालं, अर्धी साखर तशीच! दोन दिवस थांबला, परत १३.५. मग शॅम्पेन यीस्टची दोन पाकिटं कोरडीच वरून भुरभुरवली, फर्मेंटर (बियर आंबवायचं भांडं) गदागदा हलवला, तरी १३.५. मग कुठेतरी वाचलं म्हणून ग्लुकोअमायलेज एन्झाइम टाकलं. आणि मग मला फोन.

मी विचारलं, "हायड्रोमीटरने मोजलंस का?"
"एवढी बियर कशाला वाया घालवू रे, रिफ्रॅक्टोमीटरला दोन थेंब पुरतात."

(हायड्रोमीटर म्हणजे नमुन्यात तरंगवून ग्रॅव्हिटी मोजायची काचेची कांडी.) इथेच सगळं चुकलं होतं. रिफ्रॅक्टोमीटर साखर मोजत नाही, प्रकाश किती वाकतो ते दाखवतो, आणि अल्कोहोलसुद्धा प्रकाश वाकवतं. यीस्ट पडायच्या आधी तो आकडा बरोबर असतो, अल्कोहोल तयार झालं की तो खऱ्यापेक्षा जास्त दाखवायला लागतो, आणि बियर जितकी स्ट्राँग तितकी ही फसवणूक मोठी. सुरुवात २५ आणि शेवट १३.५ हे दोन्ही आकडे दुरुस्तीच्या सूत्रात घातले तर उत्तर येतं साधारण १.०२९. म्हणजे बियर १० टक्क्यांच्या आसपास पोचून, काम पूर्ण करून शांत बसली होती! स्टाउटला १.०२९ म्हणजे अगदी हवं तेवढं अंग.

पण एन्झाइम आत गेलं होतं. ते काय करतं, तर यीस्टला न खाता येणारे डेक्स्ट्रिन तोडून त्यांची साधी साखर करत राहतं, आणि घरी ते मधेच थांबवायची काही सोय नसते. ग्रॅव्हिटी हळूहळू उतरायला लागली. मी त्याला म्हटलं होतं की आता निदान पूर्ण उतरू दे, महिनाभर हात लावू नकोस, पण १.०१८ ला दोन दिवस स्थिर वाटली म्हणून त्याने प्रायमिंग साखर (बाटलीत गॅस तयार होण्यासाठीची) घालून बाटल्या भरल्या. पुढे बाटल्या उघडल्या की अर्धी बियर छतावर, आणि एक कपाटातच फुटली. कपाटाचं दार बंद होतं म्हणून कुणाला काच लागली नाही. जी वाचली ती पातळ, घशात जळणारी, स्टाउटचं नाव सांगायला फक्त काळा रंग उरलेला. इतकं चांगलं मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) घरी दळून, सहा तास राबून केलेली बियर, आणि १५० मिलीचा नमुना वाचवायच्या नादात गेली. मला अजून वाईट वाटतं त्याचं.

माझी सवय सांगतो. यीस्ट पडल्यावर फक्त हायड्रोमीटर. नमुना काढला की दोन ग्लासांत सात-आठ वेळा इकडून तिकडे ओतायचा, म्हणजे गॅस निघतो, नाहीतर बुडबुडे हायड्रोमीटरला चिकटून त्याला वर उचलतात आणि आकडा खोटा जास्त येतो. मग नळीत तो एकदा बोटांनी गर्रकन फिरवायचा, स्थिर झाला की वाचायचा. नमुना फ्रिजमधून काढलेला नको, हायड्रोमीटरवर जे तापमान छापलंय त्याच्या जवळ असू दे. आणि तो नमुना परत फर्मेंटरमध्ये ओतायचा नाही, प्यायचा. चवीवरून पण खूप कळतं.

आणखी एक, जे मला वाटतं प्रत्येकाने करावं आणि जवळपास कुणीच करत नाही. यीस्ट घालायच्या दिवशीच साधारण पाव लिटर वॉर्ट (मॉल्टचा न आंबलेला गोड रस) वेगळं एका स्वच्छ बरणीत काढा, त्यात चांगली दोन चिमटी यीस्ट घाला, झाकण सैल ठेवा आणि घरातल्या उबदार जागी ठेवून येताजाता हलवा. इतक्या यीस्टमुळे ते लवकर संपतं, आणि तुम्हाला आधीच कळतं की हे वॉर्ट खाली जाऊन जाऊन कुठपर्यंत जाऊ शकतं. बरणी १.०३० ला थांबली असेल तर मोठा फर्मेंटर १.०३१ ला अडकलाय म्हणून रडायचं कारण नाही. बरणी १.०२० ला गेली आणि फर्मेंटर १.०४० ला बसलाय, तर मात्र खरंच अडकलंय.

खरंच अडकलेल्या बियरवर कोरडं पाकीट फाडणं

९ टक्के अल्कोहोल, खायला साखर जवळजवळ फक्त माल्टोट्रायोज (यीस्टला खायला अवघड साखर) उरलेली, पीएच उतरलेला, ऑक्सिजन शून्य. अशा ठिकाणी कोरडं, झोपलेलं यीस्ट टाकलं तर त्याच्या पेशी पाणी शोषताना शोषतात ते अल्कोहोल, आणि बहुतेक तिथेच मरतात. वरून शॅम्पेन यीस्ट म्हणजे काहीतरी जादू आहे असा समज पसरलाय. त्याला अल्कोहोल सहन होतं हे खरं, पण माल्टोट्रायोज खाणं त्याला जमत नाही, आणि अडकलेल्या बियरमध्ये नेमकी तीच उरलेली असते. विंडसर यीस्टचंही तेच, त्यामुळे विंडसरने १.०३५ ला थांबवलेली बियर अडकलेली नाही, ती तिथेच थांबणार होती.

माझा क्रम असा: आधी फर्मेंटर उबेत, २१-२२ अंशांवर आणायचा आणि तळाचं यीस्ट हलक्या हाताने वर उठवायचं, हवा आत न घेता. आठवडाभर वाट बघायची. नाहीच हलली तर एक लिटर १.०४० चं वॉर्ट करून त्यात नॉटिंगहॅमसारखं दणकट यीस्ट जोमात आणायचं, फेस वर आला की त्यात अडकलेल्या बियरचा एक कप घालायचा, काही तासांनी अजून एक, म्हणजे त्याला अल्कोहोलची सवय होते, आणि ते उसळत असतानाच सगळं फर्मेंटरमध्ये ओतायचं. वेळ लागतो, हो. ज्याला हा वेळ नाही त्याने १.१०० चं वॉर्ट लावायलाच नको होतं असं माझं स्पष्ट मत आहे. दुसऱ्याच बॅचला १२ टक्क्यांची बियर करायला निघालेले लोक बघितले की उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग आठवतं. आधी ५ टक्क्यांची एक पेल एल धड करा, तीच परत तशीच करून दाखवा, मग या वाटेला या.

एका पाकिटात भागवणं

११-११.५ ग्रॅमचं पाकीट हे १९ लिटर नेहमीच्या बियरसाठी आहे. मी १.०८० च्या पुढे दोन आणि १.१०० च्या पुढे तीन घालतो, मग ते यूएस-०५ असो की नॉटिंगहॅम. एवढा धान्याचा आणि हॉप्सचा खर्च केल्यावर पाकिटात काटकसर करू नये. साध्या बियरला वरून कोरडं भुरभुरवलं तरी चालतं, पाकिटावरही आता तसं लिहिलेलं असतं, पण इतक्या गोड वॉर्टमध्ये मी ते करत नाही. यीस्टच्या वजनाच्या दहापट पाणी, उकळून २७-२८ अंशांवर आणलेलं साधं नळाचं, त्यावर यीस्ट पसरायचं, पंधरा मिनिटं हात लावायचा नाही, मग हळूच ढवळून अजून पंधरा मिनिटं. कोरड्या पेशीची त्वचा पहिल्या काही मिनिटांत आत काय घ्यायचं आणि काय नाही हे ठरवू शकत नाही, म्हणून तेवढा वेळ तिला नुसतं पाणी द्यायचं. घालताना हे पाणी आणि वॉर्ट यांच्या तापमानात १० अंशांपेक्षा जास्त फरक नको. सुरुवातीला घालायच्या ड्राय यीस्टला स्टार्टर (आधी थोड्या वॉर्टमध्ये वाढवणं) करत बसू नका, त्या पैशात अजून एक पाकीट येतं.

खोलीचं तापमान बघून समाधान मानणं

बेसमेंटमध्ये १८ अंश आहे म्हणजे बियर १८ ला आहे असं नाही. स्ट्राँग वॉर्ट जोरात असताना आतलं तापमान खोलीपेक्षा सहज ५ अंश वर जातं, आणि मग ती नेलपॉलिश रिमूव्हरसारखी, डोकं धरणारी चव येते जी वर्षभर ठेवूनही नीट जात नाही. सेन्सर फर्मेंटरच्या अंगाला टेपने चिकटवा, वरून बबल रॅपची घडी. मी टबात पाणी भरून त्यात फर्मेंटर ठेवतो आणि गोठवलेल्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदलतो. यीस्ट १७ ला घालायचं, पहिले तीन-चार दिवस १८-१९ च्या वर जाऊ द्यायचं नाही, फेस उतरायला लागला की २१ पर्यंत चढू द्यायचं. लोक नेमकं उलट करतात, सुरुवातीला गरम आणि शेवटी थंड, आणि शेवटच्या थंडीत यीस्ट तळाशी जाऊन झोपतं.

बाकीच्या भराभर सांगतो.

मॅश (दळलेलं मॉल्ट गरम पाण्यात भिजवणं) ६८ अंशांवर करून १.०२० ची अपेक्षा ठेवू नका. ६४-६५, आणि दीड तास.

साखर घालायची असेल तर पहिल्या दिवशी नको. सोपी साखर समोर असली की यीस्ट माल्टोजकडे (वॉर्टमधली मुख्य साखर) वळायला उशीर करतं. फेस उतरायला लागल्यावर थोड्या पाण्यात उकळून, गार करून, थोडी थोडी. कोरडी साखर एकदम ओतलीत तर बियर फर्मेंटरमधून बाहेर येईल आणि गालिचा धुवावा लागेल.

२३ लिटरच्या फर्मेंटरमध्ये २१ लिटर भरून वर छोटासा एअरलॉक (गॅस बाहेर सोडणारं पण हवा आत न घेणारं झाकण) लावणं हा वेडेपणा आहे. जाड ब्लो-ऑफ (फेस बाहेर नेणारी) नळी लावा, तिचं टोक पाण्याच्या बादलीत.

ऑक्सिजन: ड्राय यीस्ट कारखान्यातच भरपूर हवेत वाढवलेलं असतं, त्यामुळे साध्या बियरला चिंता नाही. १.१०० च्या वर मी सिलिंडरने मिनिटभर देतो आणि बारा तासांच्या सुमाराला परत एकदा. त्यानंतर कधीच नाही.

एअरलॉकचे बुडबुडे म्हणजे कुकरच्या शिट्ट्या नाहीत, मोजून गॅस बंद करायला. एक आठवडा अंतराने दोन हायड्रोमीटर रीडिंग सारखी आली पाहिजेत.

बाटल्या भरताना तीन महिने अल्कोहोलमध्ये बसलेल्या थकलेल्या यीस्टच्या भरवशावर राहू नका, नाहीतर सहा महिन्यांनीही गॅस नसलेलं सरबत हाती येतं. सीबीसी-१ सारखं बाटलीसाठीचंच यीस्ट १९ लिटरला २ ग्रॅम, पाण्यात भिजवून, प्रायमिंग साखरेबरोबर. हे यीस्ट माल्टोट्रायोज खात नाही, म्हणून उरलेल्या साखरेला हात न लावता फक्त प्रायमिंगवर काम करतं. पहिली बाटली दोन महिन्यांनी उघडा, पुढची सहा महिन्यांनी, आणि निदान सहा बाटल्या खोक्यात घालून कपाटाच्या तळाशी ठेवा, झाकणावर वर्ष आणि शेवटची ग्रॅव्हिटी मार्करने लिहून.