घोड्यांच्या ट्रकमागे बग्गीचा ट्रेलर जोडताय? आधी फाळका बघा

दत्तजयंती जवळ आली की इंदूरच्या घोडेवाल्यांना सारंगखेड्याची (नंदुरबार जिल्हा) घोडेबाजाराची यात्रा आठवते आणि मग कोणीतरी विचारतंच, की ट्रकमधे घोडे आहेतच तर मागे ट्रेलरवर बग्गी पण नेऊ का, डिझेल वाचेल. न्या, पण आधी बघा की घोडे उतरतात कुठून. मागच्या फाळक्यातून, म्हणजे ट्रकच्या मागे खाली उघडणाऱ्या दारातून, उतरत असतील तर ट्रेलर जोडला की तुम्ही त्यांचं दार बंद केलं.

आम्ही हे वाटेत सेंधव्याच्या अलीकडे शिकलो. एक घोडी आत पडली, फाळका उघडायला ट्रेलर सोडायला हवा आणि गाडी उभी उतारावर, जवळ ना जॅक ना चाकाला लावायला ठोकळे, शेवटी दगड शोधत फिरलो आणि घोडी आत पाय झाडत होती. तेव्हापासून आमच्या गाडीला बाजूलाही दार आहे, ज्यांच्याकडे नाही त्यांनी निदान जॅक आणि चार ठोकळे हाताशी ठेवा आणि निघायच्या आधी घरीच एकदा ट्रेलर सोडून बघा, किती मिनिटं लागतात ते.

आता कागद. ट्रेलर म्हणजे वेगळी गाडी, त्याचं रजिस्ट्रेशन वेगळं. वेल्डिंगवाल्याकडून बनवून आणला आणि निघालो असं होत नाही भिया! मोटार वाहन कायद्याच्या कलम 61 प्रमाणे ट्रेलरचा नंबर ओढणाऱ्या गाडीच्या बाजूवर आणि ट्रकचा नंबर ट्रेलरवर लावावा लागतो. इन्शुरन्समधे ट्रेलरचा उल्लेख आहे का तेही बघा, आणि तुमच्या लायसन्सवर ही जोडी चालते का हे आरटीओत विचारून घ्या. यूट्यूबवर दिसणारी ट्रेलरच्या वजनाची 750 किलोची मर्यादा ब्रिटनची आहे, इथे तिचा उपयोग नाही. ओव्हरलोड पकडला तर 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जास्तीच्या टनाला 2,000.

घोडे गाडीतून न्यायचे सरकारी नियम 1978 पासून आहेत तरी अर्ध्या लोकांना माहीत नसतात. एका गाडीत 4 ते 6 च्या वर घोडे नाहीत, दोघांच्या मधे किमान 8 सेंमी जाडीचा बांबू, मागे दोन मजबूत आडव्या पट्ट्या, खाली न घसरणारं काहीतरी, तोंडं डावीकडे म्हणजे येणाऱ्या गाड्यांना बिचकत नाहीत, एक साईस (घोडे सांभाळणारा) सोबत आणि जनावरांच्या डॉक्टरचं घोड्यांसाठी फिटनेस सर्टिफिकेट. वेग ताशी 35 किमीच्या वर नाही. म्हणून अख्खा दिवस धरूनच निघा.

जोडणीत पिन लॉक करा आणि सेफ्टी चेन खालून क्रॉस करून लावा. लाइटची गंमत अशी की मोठ्या ट्रकला 24 व्होल्ट असतात आणि ट्रेलरला 12 चे बल्ब लावलेले असले की लगेच उडतात, रात्री मागचा माणूस तुम्हाला बघतच नाही. बग्गीचं वजन एक्सलच्या थोडं पुढे ठेवा, मागे गेलं की ट्रेलर डोलायला लागतो. डोलला तर ब्रेक मारायचा नाही, हळूच अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा. घोडे आत वजन इकडचं तिकडे टाकतात आणि त्या झटक्याने ट्रेलर अजून हलतो. बिजासन घाटात तर चढतानाच ठरवा कुठल्या गिअरमधे उतरणार, आणि चहाला थांबायचं तर सपाट जागा बघून, जिथे मागे ट्रेलर सोडून फाळका पूर्ण उघडेल एवढी जागा असेल.